नाक माझं, सही माझी

३ मार्च

बारके,

आज सहाला उठले. बिनवासाच्या साबणाने अंघोळ केली, अळणी भात खाल्ला, कामावर गेले. स्पिरिटचे नऊ नमुने होते. आठ पास केले, एक बाजूला ठेवला. साडेपाचला घरी आले. बाबांचा चष्मा टेबलावर होता तिथेच आहे. त्यांना जाऊन आज बारा दिवस झाले.

एवढंच कळवायचं होतं, आणि एवढ्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही हे मलाही कळतं. पण फोन तू उचलत नाहीस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. त्या दिवशी तू पर्समधून सेंटची बाटली काढलीस, बाबांच्या सदऱ्यावर शिंपडायला वाकलीस आणि मी तुझं मनगट धरलं. शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, बहीण आहे ती तुझी, चोर नव्हे! सोड हात!" मी सोडला नाही. तू म्हणालीस, "मेल्यावरसुद्धा टेस्टिंगच का गं, ताई?" आणि निघून गेलीस. एका चपलेचा पट्टा लावायचा राहिला होता. जिना उतरताना तो फटफट वाजत होता, तो वरपर्यंत ऐकू येत होता.

लोक अजून बोलतात. बोलू देत. ज्या माणसाने नोकरीची सगळी वर्षं अंगाला सुगंध लावून घेतला नाही, त्याला शेवटच्या दिवशी का लावायचा? मी केलं ते बरोबर केलं. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

ताई

६ मार्च

बारके,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

त्या बाजूला ठेवलेल्या नवव्या नमुन्याबद्दल लिहिते, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही. नऊ वर्षांपूर्वी तू घर सोडलंस तेव्हा मी स्टोअरमध्ये डब्यांना लेबलं चिकटवत होते. वास घ्यायच्या खोलीत मी नंतर आले, बाबांची मदतनीस म्हणून.

ती खोली तू लहानपणी एकदा पाहिली आहेस. अजून तशीच आहे. पांढऱ्या भिंती, उत्तरेकडची खिडकी, लांब टेबल. टेबलावर पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, प्रत्येकावर काचेची चकती. टाकीतलं स्पिरिट जसंच्या तसं हुंगत नाहीत, त्याच्या झणक्याने नाक बधिर होतं. त्यात शुद्ध पाणी घालतात, स्पिरिटच्या दुपटीहून जास्त. पाणी पडलं की जे काही दडून बसलेलं असेल ते वर येतं. मग चकती सरकवायची, तीन छोटे श्वास, मान खिडकीकडे, पुन्हा तीन. काही आलं नाही तर पास. बाकीच्या जगात काही नाही म्हणजे वाईट. आमच्या खोलीत काही नाही म्हणजे उत्तम.

टाकी नंबर चारच्या नमुन्यात काहीतरी आहे. फार थोडं. कोबी उकडताना झाकणाला आतून जे पाणी सुटतं ना, तसं. ग्लास बदलून तीनदा पाहिलं, तीनदा तेच आलं. हा टँकर खोकल्याचं औषध करणाऱ्यांकडे जायचा आहे.

नव्या केमिस्टने तिच्या यंत्रावर नमुना चालवला आणि कागद आणून दिला. सगळं मर्यादेत. ती चांगली मुलगी आहे, कागद देताना म्हणाली, "मला तर काहीच येत नाहीये हो, ताई." मी म्हटलं, "तू सकाळी काय खाल्लंस?" म्हणाली, "कांदा घालून अंडं." मग दोघी हसलो.

मग लवकरसाहेब आले. हे नवे मॅनेजर, तू यांना पाहिलेलं नाहीस. प्रत्येक वाक्य 'लवकर' म्हणून संपवतात म्हणून मजुरांनी हे नाव ठेवलंय. दाढीनंतर गालाला काहीतरी सुवासिक लावतात, त्यामुळे त्यांना खोलीच्या दारातच थांबावं लागतं. तो राग त्यांना माझ्यावर कायम असतो.

"यंत्र पास म्हणतंय," ते दारातून म्हणाले.

"यंत्राला जे शोधायला सांगितलंय तेवढंच ते शोधतं, साहेब."

"आणि तुम्ही?"

"जे आहे ते."

"हे बघा, वडील गेलेत तुमचे. रडून रडून नाक चोंदलं असेल. माणूस आहे, व्हायचंच. सही करा, घरी जा, दोन दिवस झोपा. लवकर."

"मी रडले नाही."

हे खरं आहे, बारके. मी रडले नाही. एकदा रडलं की दोन दिवस नाक कामाचं राहत नाही. लोकांना ते दिसलं आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला. तूही लावला असशील.

ते म्हणाले, "तुमचे बाबा असते तर एव्हाना टँकर रस्त्याला लागला असता. गेल्या दोन वर्षांत त्यांनी पास केलेला एक थेंब परत आलेला नाही. नाक त्यांचं होतं. नाक काही वारशात मिळत नाही."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, पण गप्प बसले. का, ते हिंमत झाली तर लिहीन.

ते गेल्यावर रजिस्टर उघडलं. 'टाकी ४. गंध आहे. नापास.' खाली सही केली. त्या रकान्यात इतकी वर्षं बाबांची सही. बाबा गेल्यापासून मी पास झालेल्या नमुन्यांपुढे नुसती आद्याक्षरं घालत होते. पूर्ण नाव पहिल्यांदा लिहिलं, तेही नापास शब्दाखाली.

ताई

८ मार्च

बारके,

आज जेवणाच्या सुट्टीत फिटरकाका आले. तुला आठवतात का, तुझ्या सायकलची चेन बसवून द्यायचे ते. आता केस सगळे पांढरे झालेत. बाहेरच्या कट्ट्यावर माझ्या शेजारी बसले, डबा उघडला नाही.

"पोरी, चारच्या टाकीत काय सापडलं तुला?"

"कोबी."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "तुझे बाबा गेले त्या दिवशी चारच्या व्हॉल्व्हला गळती लागली. स्टोअरला कुलूप. स्टोअरवाला तुमच्याकडे, चावी त्याच्या खिशात. सगळा कारखाना तुमच्याकडे. मी एकटा मागे राहिलो होतो, म्हटलं गळती थांबवून मग जावं."

"मग?"

"पांढरं वॉशर कुलपात. हाताला जे लागलं ते बसवलं. काळं. रबराचं."

स्पिरिटच्या लाइनला रबर लावायचं नाही हे त्यांनीच कितीजणांना शिकवलंय. स्पिरिट रबरातून वास ओढून घेतं. ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी बदलणार होतो. तोवर टाकी भरली होती. भरल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडता येत नाही. आणि मग तुझ्या बाबांशिवाय ते कुणाला कळेल, असं वाटलं." उठता उठता म्हणाले, "माझं नाव घेऊ नकोस. रिटायर व्हायला सात महिने राहिलेत."

मी म्हटलं, "नाही घेणार." पण एक सांगते, मला बरं वाटलं. सहा तारखेपासून मनात एक कोपरा होता की लवकरसाहेब म्हणतात तसंच तर नसेल, बाबा गेले आणि माझं नाक बिघडलं. नाक ठीक आहे. नाक बाबांच्या जाण्याच्या दिवसाचाच वास घेत होतं.

दुपारी साहेबांना एवढंच सांगितलं, "चारचा व्हॉल्व्ह उघडून पाहा."

"टाकी रिकामी झाल्याशिवाय उघडत नाही."

"मग रिकामी करा."

"टँकर भरल्याशिवाय रिकामी कशी होणार? आणि तुम्ही सही केल्याशिवाय टँकर कसा भरणार? करा सही. लवकर."

केमिस्ट तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली. मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय.

घरी येताना फाटकाशेजारच्या भिंतीकडे लक्ष गेलं आणि तुझं खोडरबर आठवलं. तुझ्या मैत्रिणीने दिलेलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. तू ते मोज्यात लपवून आणलंस. बाबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "घरात फळ कुणी आणलं?" मला वाटलं फेकून देतील. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, फाटकापर्यंत गेले, भिंतीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे इथे राहील. सकाळी शाळेत जाताना घ्यायचं, येताना ठेवायचं." कितीतरी महिने ते खोडरबर भिंतीवर झोपायचं. मग एक दिवस नव्हतं. तू जेवली नाहीस. म्हणालीस, "या घरात कशालाच वास नाही." बाबा म्हणाले, "बरोबर. म्हणून तर घर चाललंय."

गल्लीत पोरं आपल्याला दारूवाल्याच्या पोरी म्हणायची. तू दगड मारायचीस, मी खाली बघून चालायचे. बाबा रागावायचे नाहीत. म्हणायचे, "त्यांना सांगा, तुम्हाला सुई टोचण्याआधी दंडावर जो गार बोळा फिरवतात ना, त्यात आम्ही आहोत. वाढदिवसाच्या केकच्या इसेन्समध्ये आहोत. खोकल्याच्या औषधात, टेबलाच्या पॉलिशमध्ये, बिस्किटाच्या पुड्यावरच्या शाईत. आणि हो, बाटलीतही आहोत. पण कुठेच दिसत नाही. दुसऱ्याने जे घातलंय ते नीट यावं म्हणून आपण बाजूला व्हायचं." तुला या वाक्याचा संताप यायचा. तू बाजूला झाली नाहीस. सेंटच्या कारखान्यात गेलीस, जिथे जे घालतात ते दिसावंच लागतं.

मी बाजूला झाले. आयुष्यभर होत आले. आता टाकी चारच्या बाबतीत होणार नाही.

ताई

११ मार्च, कुरिअरने

बारके,

हे आधी वाच, मागची तीन पत्रं फोडली नसलीस तरी चालेल.

आज सकाळी टाकी चार रिकामी झाली. माझ्या सहीशिवाय. लवकरसाहेबांनी औषधवाल्यांची ऑर्डर सहाच्या टाकीतून दिली आणि चारचा टँकर तुमच्या कारखान्याकडे काढला. मी विचारलं तर म्हणाले, "सेंटवाल्यांना चालतं हो. त्यांच्या वासात हत्ती बसवला तरी कुणाला कळायचा नाही."

टँकर परवा दुपारी तुमच्या फाटकाशी असेल. कागदावर टाकी चार लिहिलेलं असेल. उतरवून घेऊ नका. तुम्ही लोक कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून हुंगता, तसं केलंत तर काही येणार नाही. एक भाग स्पिरिटला अडीच भाग पाणी घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा, मग हुंगा. आज कळणार नाही इतकं थोडं आहे. पण तुमच्या फुलांबिलांचा पहिला भर ओसरला की मागे हेच उरेल, गिऱ्हाइकाच्या मनगटावर.

कारखान्यातली गोष्ट बाहेर कळवली म्हणून मला काढतील. काढू देत. हे पहिलं पान तू कुणालाही दाखवू शकतेस, पुढची पानं फक्त तुझी. या पानाखाली पूर्ण सही केली आहे.

पण तू माझ्यावर विश्वास का ठेवावास? बहीण म्हणून ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. म्हणून जे लपवलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी बाबांना ताप आला, आठ दिवस. ताप उतरला तेव्हा त्यांना वास येईनासा झाला होता. सगळा. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीही येणार. कामावर पहिल्या दिवशी त्यांनी ग्लास हुंगला, खिडकीकडे मान वळवली, पुन्हा हुंगला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बघ जरा." मी म्हटलं, "थोडा पुठ्ठा." त्यांनी पुठ्ठा लिहिलं आणि सही केली. त्या दिवसापासून ते हुंगायचे, मी हुंगायचे. टेबलाखाली माझा पाय एकदा हलला की पास, दोनदा हलला की नापास. दोन वर्षं. साहेब ज्या नाकाची आठवण काढतात ते माझं होतं. त्या दिवशी हेच सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर माझं नाक खरं ठरलं असतं आणि बाबांच्या सह्या खोट्या. म्हणून गप्प बसले. कारखान्यात कधीच सांगणार नाही. तुला सांगते, कारण पुढचं तुझं आहे.

ताप गेल्यावर पाच महिन्यांनी तुझी बाटली आली. चिठ्ठी होती: 'बाबा, हे पूर्ण माझं आहे. कसं आहे ते तुम्हीच सांगा. वाईट असेल तरी सांगा.' बाबांनी बाटली बराच वेळ हातात धरली. उजेडात धरून रंग पाहिला. मी म्हटलं, "मी हुंगते, तुम्ही लिहा. तिला काय कळणार आहे?" ते माझ्यावर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "तुझ्या नाकावर मी कारखान्याला सही देतो. पोरीला देणार नाही. ठेव कपाटात. वास परत आला की मी स्वतः फोडीन." तुला कळवूया असं म्हटलं तर त्यालाही नाही म्हणाले. "तिला आधीच वाटतं बाप दगड आहे. त्यात नाकही गेलं म्हणून कशाला सांगायचं."

बाटली त्यांच्या सदऱ्यांमध्ये ठेवली. सील होतं, तरी मला कपाटाजवळून जाताना काहीतरी यायचं, किंवा येतंय असं वाटायचं. दोघांचं काम माझ्या एकटीच्या नाकावर होतं. चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी बाटली खोक्यात घातली आणि तुला परत पाठवली. आत चिठ्ठी घातली नाही. मी पाठवली. बाबांनी नाही. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

अधूनमधून विचारायचे, "आहे ना गं कपाटात?" मी म्हणायचे, "आहे." गेले त्याच्या आदल्या आठवड्यातही विचारलं.

आणि त्या दिवशी तू पर्समधून काढलीस ती तीच बाटली होती. सील तसंच. मी लांबून ओळखली. तू ती फोडली असतीस तर खोलीतल्या सगळ्यांना वास आला असता, फक्त त्यांना नाही. आणि मला आला असता. म्हणून हात धरला. बाबांना आवडलं नसतं वगैरे मी जे पहिल्या पत्रात लिहिलं ते सगळं नंतर जुळवलेलं आहे.

बाटली परत पाठवली, ते चुकलं. त्याची माफी मागते. टँकरबद्दल मागत नाही.

परवा दुपारी. अडीच भाग पाणी.

तुझी ताई

१८ मार्च

बारके,

तुमच्या कारखान्याची चिठ्ठी टँकरबरोबर परत आली. लवकरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ती टेबलावर आपटली. छापील फॉर्मवर 'माल नाकारला' या चौकोनात बरोबरची खूण, आणि कारणाच्या ओळीत तुझं अक्षर: 'पाणी घालून पाहिलं. कोबी नव्हे, रबर.'

बाबांना लिहिलेली ती चिठ्ठी सोडली तर नऊ वर्षांत तुझ्या हातचं मी जे पहिलं वाचलं त्यात तू माझी चूक काढली होतीस. मला इतकं बरं वाटलं की केबिनमध्ये उभी आहे हे विसरून मी हसले.

साहेब म्हणाले, "हसताय काय? सेंटवाल्यांना पाणी घालून बघायचं सुचलं कसं? आजवर कधी सुचलं नाही!"

"मी कळवलं."

त्यांना वाटलं होतं मी आढेवेढे घेईन. मग कंपनीची बदनामी, शिस्त, विश्वास हे सगळं झालं. "तुमच्या बाबांनी हे कधी केलं असतं?"

"नसतं केलं," मी म्हटलं. "ते बाजूला झाले असते."

टाकी रिकामी होतीच. व्हॉल्व्ह उघडला. काळं वॉशर निघालं, फुगून मऊ पडलेलं, बोटाला काळा डाग पडत होता. साहेब सगळ्यांना विचारू लागले, कुणी बसवलं, कुणी बसवलं. मी जमिनीकडे बघत होते. मागून फिटरकाका म्हणाले, "मी." आणि पुढे म्हणाले, "पोरीने वासावर ओळखलं. मला ते बसवताना डोळ्यांनी दिसत होतं, तरी मी बसवलं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." काकांना लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली.

माझं अजून ठरायचं आहे. पंधरा दिवस घरी बसा म्हणाले. परत यायचं असेल तर बाहेर कळवल्याबद्दल माफीनामा लिहून द्या, आणि रजिस्टरमधली ती नोंद 'मॅनेजरांच्या सूचनेनुसार फेरतपासणी' अशी दुरुस्त करा. म्हणजे शोध त्यांनी लावला असं दिसेल.

मी कोरा कागद मागितला. त्यावर लिहिलं: 'टाकी ४ बाबतची नोंद माझी आहे. ती मी बदलणार नाही. घेणाऱ्याला कळवलं, तेही मीच. पुन्हा असं झालं तर पुन्हा कळवीन.' सही केली आणि साहेबांपुढे ठेवला.

"हा माफीनामा आहे?" ते म्हणाले.

"नाही."

बाहेर आले तर केमिस्ट फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आठवडाभर कांदा बंद केलाय मी. त्या नमुन्यात मला काल काहीतरी आलं. कोबी की रबर ते नाही सांगता येत." मी तिला सांगितलं, साबणही बदल.

तू मात्र फॉर्मवर लिहिलंस तेवढंच. मला काही लिहिलं नाहीस. ठीक आहे. आणखी मागायचा मला हक्क नाही.

ताई

२५ मार्च

बारके,

काल दुपारी खोकं आलं. आत चिठ्ठी नव्हती. तेही बरोबर आहे, मीही घातली नव्हती. बाटली, तीच, सील तसंच.

काल फोडली नाही. खोकं टेबलावर ठेवलं, बाबांच्या चष्म्याशेजारी, आणि त्याच्याभोवती घरभर फिरत राहिले. काकू साखर मागायला आल्या, खोक्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, नोकरीचा काही निरोप?" म्हटलं, "नाही. बहिणीने पाठवलंय." त्या म्हणाल्या, "मग बसलीस काय अशी? उघड की!" मी म्हटलं, उद्या. नाक ताजं असताना.

आज सकाळी सहाला उठले. बिनवासाचा साबण, अळणी भात. कामावर जायचं नव्हतं, तरी सगळं तसंच केलं. बाबांचा जुना ग्लास घरी आहे, काठाला टवका उडाल्यामुळे कारखान्याने टाकून दिलेला. तो दोनदा धुतला. त्यात तुझे तीन थेंब टाकले. पाणी घातलं नाही, ते तुझ्या कामात चालत नाही एवढं मला कळतं. चकती ठेवली, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. सरकवली. तीन श्वास, मान खिडकीकडे, पुन्हा तीन.

तुला अहवाल हवा होता. हा घे. बाबांच्या वतीने काही लिहीत नाही, त्यांनी तेवढं स्पष्ट सांगितलं होतं. हे माझ्या नाकाने, माझ्या नावाने.

पहिल्यांदा ओल्या फरशीचा वास येतो, नुकत्याच पुसलेल्या. मग गरम इस्त्री सुती कापडावर ठेवली की येतो तो. मग आपल्या साबणाचा. मी आजवर त्याला बिनवासाचा म्हणत आले. त्याला वास आहे. चुन्यासारखा, थोडा थंड. मग बराच वेळ काही नाही, आणि ते काही नाही मला ओळखीचं आहे, ते बाबा संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या बाह्यांना यायचं. मला वाटलं संपलं. चकती ठेवणार होते. तेवढ्यात अगदी तळाशी, फार थोडं, ते खोडरबर आलं.

तू म्हणायचीस या घरात कशालाच वास नाही. मग हे कुठून आणलंस?

दोष: स्ट्रॉबेरी एक थेंब जास्त आहे. इस्त्री आणखी थोडी तापली तरी चालेल. बाकी पास.

त्यांना हे आलं असतं का, कळलं असतं का, याचा विचार सकाळपासून करते आहे. आलं नसतं. हे मी तुला खोटं सांगणार नाही. पण बाटली कपाटात आहे असं समजून ते गेले. आता मी ती खरोखर तिथे ठेवली आहे, सदऱ्यांमध्ये, त्यांनी सांगितलं होतं त्या जागी. परत पाठवणार नाही. मागितलीस तरी नाही.

नोकरीचं कळलं की कळवीन. घेतलं तर त्याच टेबलावर बसेन आणि त्याच रकान्यात पूर्ण नाव लिहीन. नाही घेतलं तर नाक माझ्याकडेच आहे, ते काही त्यांनी दिलेलं नाही. फोन उचललास तर बरं होईल. नाही उचललास तर मी पत्रं लिहीत राहीन, तू फाडत राहा.

हे लिहायच्या आधी थोडी रडले. आज चालण्यासारखं होतं.

नंतर ग्लास साध्या पाण्याने धुतला, पुसला, ओट्यावर उपडा ठेवला. खिडकी उघडायला हात गेला होता. उघडली नाही.

ताई